तिसरी वस्ती, दुपारी एक ते दोन

समस्त कर्मचारीवृंद, मालट्रकांचे चालक, केळीचे घड आणि इतर सजीव-निर्जीव मंडळी यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, तिसरी वस्ती रोज दुपारी एक ते दोन या वेळेत मृत्युमुखी पडते. तिच्या आत्म्यास शांती लाभो. दोन वाजता ती आपोआप उठून बसते, तरी कोणीही रडू नये, माझ्या दारावर थापा मारू नयेत आणि मला जेवू द्यावे. हुकमावरून.

ही सूचना मी स्वतः लिहिली, मोठ्या अक्षरांत छापली आणि माझ्या खोलीच्या दारावर चिकटवली. रावेरजवळच्या एका केळीच्या कारखान्यात मी नोकरीला होतो. कारखाना म्हणजे शेतातून आलेले घड धुवायचे, फण्या खोक्यांत भरायच्या, काही माल कच्चा पाठवायचा आणि उरलेला बंद खोल्यांत पिकवून पाठवायचा. मालक ती सूचना वाचून पोट धरून हसले होते. त्यांनी तिचा फोटो काढून मित्रांना पाठवला. मी दोन दिवस छाती काढून चाललो. आमच्या विनोदाला कोणी हसलं की आम्हा धुळ्याच्या माणसांना जेवण कमी लागतं.

माझं काम सांगतो, म्हणजे सूचना कळेल. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर, वजनकाटा, कॅमेरे आणि पिकवण्याच्या खोल्यांवरची यंत्रं एका जाळ्यात जोडलेली होती. त्या जाळ्याच्या चार वस्त्या. धंद्यात त्यांना सेगमेंट म्हणतात, मी वस्त्या म्हणायचो. पहिली ऑफिसची, दुसरी वजनकाट्याची, तिसरी पॅकिंग शेड आणि पिकवण्याच्या खोल्यांची, चौथी गेटची. वस्तीतलं एकेक यंत्र म्हणजे स्टेशन. बोदवडचे माझे मेहुणे ‘भाऊजी इतकी स्टेशनं सांभाळतात’ ऐकून मला रेल्वेत समजत आणि दर उन्हाळ्यात आरक्षण मागत.

माझ्या पडद्यावर प्रत्येक स्टेशनचा एक ठिपका. दर अर्ध्या मिनिटाला माझा कॉम्प्युटर प्रत्येकाला हाक मारायचा, आहेस का? उत्तर आलं की ठिपका हिरवा. तीन हाकांना उत्तर नाही की लाल, आणि घंटी. शाळेतल्या हजेरीसारखं. या खुर्चीत बसल्यावर माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. मी ठिपक्यांशी बोलायचो, त्यांना रागवायचो.

आता तिसरी वस्ती रोज का मरायची? शेडमध्ये भिंतीवर त्या वस्तीचा डबा होता. डबा म्हणजे स्विच, सगळ्या वायरी ज्यात येऊन मिळतात तो. त्याला वीज देणारा प्लग शेडमधल्या जेवायच्या जागेशेजारी होता आणि त्या भिंतीला दुसरा प्लगच नव्हता. मे महिन्यात रावेरच्या पत्र्याखाली दुपारी एक वाजता तुम्ही कधी बसलात का? नसाल तर त्या बायकांना दोष देऊ नका. जेवणाची सुट्टी झाली की पॅकिंगच्या बायका डब्याचा प्लग काढायच्या, कूलरचा लावायच्या आणि दोन वाजता परत अदलाबदल. तीन वर्षं हे चाललं होतं. मी दोनदा लेखी कळवलं, दुसरा प्लग द्या म्हणून. ते कागद कुठेतरी आहेत.

तोवर रोज एक वाजता माझ्या खोलीत घंटी. मी डबा उघडलेला, हातात भाकरी, आणि घंटी थांबत नाही. शेवटी मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं की रोज एक ते दोन तिसऱ्या वस्तीबद्दल ओरडायचं नाही. दोन मिनिटांचं काम. त्या दिवसापासून माझी जेवणं शांत झाली, आणि मग मी ती सूचना लिहिली.

नाना पिकवण्याच्या खोल्या बघायचे. पंचावन्नच्या पुढचे, शिरपूरकडचे, बोलणं अहिराणी. या भागातल्या बायकांची बोली वेगळी, त्यामुळे नानांचं त्यांच्याशी रोज भांडण आणि रोज हसणं. सकाळी पहिल्यांदा ते माझ्या खिडकीशी यायचे.

“काय भो, बठ्ठा हिरवा शेतस ना?”

“बठ्ठा हिरवा, नाना, सगळेच्या सगळे.”

“मंग तू कसाले पगार लेस?” म्हणायचे आणि निघून जायचे.

पिकवण्याची खोली म्हणजे हवाबंद पेटी. आत थंडावा ठेवतात, फळ पिकवणारा वायू सोडतात. पिकताना केळी श्वास घेतात आणि खोलीतली हवा खराब होते. म्हणून दार उघडून पंखा लावून हवा बदलल्याशिवाय आत जायचं नाही, आणि एकट्यानं तर नाहीच, असा नियम दारावर लावलेला; मिनिटभराच्या कामाला तो कोणी पाळायचं नाही. दार आपोआप मिटतं, आतून उघडायला एक दांडी असते. चार नंबरच्या खोलीची दांडी अडकायची, सगळ्यांना माहीत होतं. आत भिंतीवर एक लाल बटण होतं, अडकलात तर दाबायचं. आधी ते दाबलं की दाराबाहेर भोंगा वाजायचा. पण तो उगाच वाजायचा, बायका घाबरून खोकी टाकायच्या. मग मालकांनी तो काढून बटण जाळ्याला जोडून घेतलं. दाबलं की घंटी थेट माझ्या खोलीत. मीच जोडणी करून दिली, आणि एकदा दाबून दाखवली तेव्हा सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या.

त्या दिवशी पाऊण वाजता चार नंबरचं तापमान विचित्र दिसायला लागलं. एकदा बारा, एकदा बावीस, परत बारा. तापमान मोजणारा काटा खराब झाला असणार हे मला कळत होतं. तरी मी खिडकीतून नानांना हाक मारली.

“नाना, चार नंबरात एकदा फळात तापमापकाची सुई टोचून बघता का? माझा ठिपका वेड लागल्यासारखा करतोय.”

“जेवण झाया का देखसू.”

“नाना, तेवढ्यात माल बिघडला तर मालक मलाच पिकवायला आत ठेवतील.”

ते हसले. “देखी येसू, देखी येसू. तू जेव.”

मी जेवलो. एक वाजून दोन मिनिटांनी तिसरी वस्ती नेहमीसारखी लाल झाली. घंटी वाजली नाही, कारण तिला वाजायची बंदी होती. मी शेवभाजी खाल्ली, मोबाईलवर क्रिकेट बघितलं. याहून खरं मला काही सांगता येत नाही.

नाना ज्या पंगतीत जेवायचे तिची रीत सांगायला हवी. बायका कागदी पुठ्ठे अंथरून गोल बसायच्या. प्रत्येकीचा डबा मधे उघडा, भाज्या सगळ्यांच्या. नानांचा डबा सकाळीच तिथे ठेवलेला असायचा, कारण त्यांच्याकडचा ठेचा घेतल्याशिवाय कोणी घास मोडायचं नाही. या पंगतीच्या प्रमुख अक्का. साठीच्या आसपास, खोक्यात फण्या रचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्या दिवशी कूलर त्यांनीच लावला होता, रोजच्यासारखा.

सव्वा वाजला, नाना नाहीत. बायकांनी भाकऱ्या मोडल्या, पण अक्कांनी मोडली नाही. त्यांनी एकीला वजनकाट्यावर पाठवलं, एकीला गेटवर. नाना नाहीत. मग त्या स्वतः माझ्या दाराशी आल्या आणि सूचनेत लिहिलं होतं ते नेमकं केलं, थापा मारल्या. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“भाऊ, नाना कुठी हाये?”

“असतील इकडंच, अक्का. सुपारी आणायला गेले असतील.”

“जेवणाचा डबा तसाच बंद पडेल हाये त्याचा. डबा सोडून तो कुठी जात नही. तुह्या त्या टीव्हीत पाहून दे ना.”

मी पडदा बघितला. तिसरी वस्ती पूर्ण लाल आणि घंटी गप्प; अक्काही माझ्या मागून बघत होत्या. मी म्हणणार होतो की, अक्का, या वेळेला तिकडचं दिसत नाही, दोन वाजता या. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग पाऊण वाजताचं माझंच बोलणं आठवलं.

मी पळालो. शरीर माझं पळण्याचं नाही, पायात चप्पल होती की नाही आठवत नाही. अक्का माझ्या पुढे होत्या. चार नंबरचं दार बाहेरून ओढलं तर सहज उघडलं. तेच फार वाईट वाटलं. नाना दाराला टेकून बसले होते, दार उघडताच बाहेर कलंडले. गाल दाराच्या रबराला लागून लाल झालेला. सुई हातात. ओठ निळे, पण श्वास होता, थांबून थांबून. अक्कांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, कूलर आणा, कूलर आणा. एकीनं कूलरचा प्लग ओढला आणि तो ढकलत आणला. केळीच्या पिकअपमध्ये गोणपाट टाकून त्यांना रावेरला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं जळगावला.

मी मागे राहिलो. कोणीतरी राहायला हवं म्हणे. खोलीत येऊन बसलो. शेडमध्ये कोणीतरी रिकाम्या प्लगमध्ये डब्याची वायर परत खुपसली असावी, सवयीनं. दोन वाजून काही मिनिटांनी तिसरी वस्ती हिरवी झाली.

आणि घंटी वाजली.

मी दचकून बघितलं. चार नंबर, आतलं बटण. पुन्हा वाजली. चार नंबर, आतलं बटण. पुन्हा. खोलीवरच्या यंत्रानं, जाळं बंद असताना दाबलेलं प्रत्येक बटण वेळेसकट स्वतःजवळ जपून ठेवलं होतं आणि आता एकेक करून मला पोचवत होतं. पहिलं एक वाजून सात मिनिटांचं. मग दर अर्ध्या-पाऊण मिनिटानं एक. मग दोन-दोन मिनिटांनी. शेवटचं एक सव्वीसचं. एकूण एकोणीस. घंटी बंद करायचं बटण माझ्या हाताखाली होतं. मी दाबलं नाही. एकोणिसावी वाजून थांबेपर्यंत ऐकत बसलो.

नाना जगले. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही याहून जास्त आशा करत बसू नका. जळगावच्या दवाखान्यात ते तीन आठवडे होते. मेंदूला हवा कमी पडली, डॉक्टर म्हणाले. आता ते गावी असतात. उजवी मूठ मिटत नाही. बोलताना शब्द हातातून निसटतो, मग ते जिभेनं शोधत राहतात आणि सोडून देतात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीनं चहा दिला आणि त्यांना सांगितलं, हा तुमच्या कारखान्यातला. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्याला म्हणतात तसं, बसा म्हणाले. मी एकही गोष्ट रंगवून सांगू शकलो नाही. रंगवायला समोर नाना लागतात.

चौकशी मात्र ते दवाखान्यात असताना तिसऱ्याच दिवशी झाली. मालकांच्या खोलीत मालक, मी, अक्का आणि दोन बायका. अक्का खुर्चीत बसल्या नाहीत, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी दोन पानी अहवाल करून आणला होता. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. सगळं कबूल करायचं ठरवूनच मी आलो होतो, देवाशपथ. उभा राहिलो आणि वाचायला लागलो. तिसऱ्या सेगमेंटच्या स्विचचा वीजपुरवठा अनधिकृत उपकरणामुळे खंडित झाला. मॉनिटरिंग सिस्टीम कॉन्फिगरेशननुसार चालू होती. सदर वेळेसाठी शेड्यूल्ड अलर्ट सप्रेशन ॲक्टिव्ह होतं. स्टेशनचे इव्हेंट बफरमध्ये जमा होऊन नंतर मिळाले.

मालक मान डोलवत होते. मीही वाचताना मान डोलवत होतो.

“म्हणजे यंत्रणा बरोबर चालली,” मालक म्हणाले. “चूक कूलरची. कूलर कोणी लावला?”

दोन्ही बायका खाली बघायला लागल्या.

“मी लावला,” अक्का म्हणाल्या. “रोज मीच लावते.”

“मग अक्का, उद्यापासून तुम्ही येऊ नका. मला दुसरा इलाज नाही.”

मी म्हणालो, थांबा, थांबा, अहवालात पुढे आहे. आणि परत तेच, जरा लांबवून वाचलं. सप्रेशन विंडो माझ्या लॉगिनवरून कॉन्फिगर झाली होती, त्यामुळे डाऊन अलर्ट जनरेट होऊनही नोटिफिकेशन गेलं नाही. मालक म्हणाले, हो, हो, ते कळलं मला, तुम्ही बसा. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि ते मला दिसत होतं. मी घाम पुसला. आयुष्यभर मी चार माणसांत बोलूनच पोट भरलं, आणि तिथे मला एक साधं वाक्य सापडेना. की सापडत होतं आणि मी ते घेत नव्हतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी पान उलटलं आणि तिसऱ्यांदा वाचायला लागलो, शेड्यूल्ड, सप्रेशन, विंडो.

अक्का भिंतीपासून सरकल्या, माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि ओरडल्या,

“एवढं इंग्रजी कशाले झाडतो रे भाऊ? घंटी तूच बंद करून ठेवली व्हती, असं सांग ना!”