दत्ताभाऊंची पथ्याची रायफल

सातवीच्या वर्गावर मी ‘उष्णता’ शिकवत होते तेव्हा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मुलुंडहून, दत्ताभाऊंच्या घरून फोन होता, ते सकाळी कामावर असतानाच गेले, हृदयविकाराचा झटका. चिठ्ठीची घडी करून मी ती पर्समध्ये टाकली आणि उरलेला तास पुरा घेतला. पाणी कुठल्या अंशाला गोठतं, मेण कुठल्या अंशाला वितळतं, सगळं नीट सांगितलं, फळा पुसला आणि मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बसवेना. याला आता दीड महिना झाला आणि अजून बसवत नाही. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत मी इकडून तिकडे फेऱ्या मारते, आई म्हणते, ‘‘अगं, फरशी झिजेल.’’ हा लेखसुद्धा मी अर्धा ओट्यापाशी उभं राहून लिहिला आहे. दत्ताभाऊंवर चार शब्द लिहा, असं आमच्या नेमबाजी क्लबच्या लोकांनी सांगितलं. चार चांगले शब्द त्यांना हवे असणार... ते आहेतच. पण त्यांच्यामागे एक वाईट शब्द आहे, माझा, आणि तो लिहिल्याशिवाय बाकीचे लिहिता येत नाहीत.

दत्ताभाऊ मुलुंडच्या एका कारखान्यात टर्नर होते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. आमची ओळख झाली ती पवईच्या पलीकडे टेकडीखाली आमच्या क्लबची रेंज आहे तिथे, ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास. मी कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी शिकले होते आणि त्याची मला बऱ्यापैकी घमेंड होती. रेंजवर डॉक्टर, वकील, दोन-तीन कारखानदार असे लोक येत. त्यांच्यात हा डावखुरा टर्नर धुतलेला पायजमा घालून यायचा, क्लबची जुनी बंदूक मागून घ्यायचा आणि चटईवर पालथा पडून शांतपणे सगळ्यांच्या पुढे जायचा. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘बाई, नेम तुमचा झकास आहे, पण तुम्ही थांबत नाय. गोळी सुटायच्या आधीच तुम्ही उठायला बघता.’’ मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमी आधी रागच येतो.

त्यांची स्वतःची रायफल आली ती पुढच्या वर्षी. वांद्र्याचे एक म्हातारे गृहस्थ परदेशी मुलाकडे कायमचे निघाले होते, त्यांनी ती विकायला काढली. पॉइंट टू-टूची, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की रिकामं काडतूस ती स्वतःच बाहेर फेकते आणि पुढचं आत ओढून घेते, आपण फक्त दर वेळी चाप दाबायचा. आमच्या क्लबातल्या मंडळींना असल्या रायफलीचा तिटकारा. नेमबाजाने एकेक गोळी हाताने भरावी, ही असली बंदूक ससे मारायला ठीक, असं त्यांचं मत, आणि म्हणूनच ती दत्ताभाऊंना परवडेल इतक्या स्वस्तात मिळाली. परवान्यासाठी त्यांनी वर्षभर खेटे घातले. हातात आली तेव्हा तिचा दस्ता चिरलेला होता आणि तीही बाकी जगासारखी उजव्या हाताच्या माणसांसाठी बनवलेली. डावखुऱ्याने झाडली की रिकामं गरम काडतूस थेट त्याच्या गालावरून जायचं. पहिल्या दिवशी त्यांच्या भुवईवर चटका बसला. पुढच्या रविवारी ते आले ते बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून, कडा घासून केलेली एक इवलीशी पन्हळ तिला बसवून. काडतूस त्या पन्हळीवर आपटून निमूटपणे पुढे पडू लागलं. कारखानदारांपैकी एकाने विचारलं, ‘‘हे कुठल्या कंपनीचं?’’ दत्ताभाऊ म्हणाले, ‘‘ग्लुकोज.’’

दस्ता त्यांनी गावच्या फणसाच्या लाकडाचा केला. सहा महिने त्यांचं तेच चाललं होतं. थोडं तासायचं, रेंजवर आणून गालाला लावून बघायचं, परत न्यायचं. पिवळ्याधमक लाकडाचा तो दस्ता पाहून मी म्हटलं, हा काय मृदंग आहे का? ते रागावले नाहीत. गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचा तिला एक अंगरखा त्यांनी घरीच शिवला होता आणि ती खांद्याला लावून ते बसने यायचे. एक कंडक्टर नेहमी विचारायचा, ‘‘काय बुवा, आज भजन कुठं?’’ आणि हे गंभीरपणे सांगायचे, ‘‘पवईला.’’

सगळ्यात मोठा घोर मात्र तिच्या खाण्याचा. तिला सगळी काडतुसं चालायची नाहीत. आपल्याकडची स्वस्त काडतुसं जरा मऊ पडायची, त्यांच्या धक्क्याने आतला मागेपुढे सरकणारा बोल्ट पुरता मागे जायचा नाही आणि रिकामं काडतूस दारातच अडकून बसायचं. बाहेरची काडतुसं क्लबमार्फत कोट्यातून यायची, तीही कधी यायची, कधी नाही. दत्ताभाऊ प्रत्येक नव्या खोक्यातली पाच-सहा झाडून बघायचे, तिला काय पचतं आणि काय नाही ते. ‘‘पथ्याची आहे ती, बाई,’’ म्हणायचे. ‘‘पण पोट बिघडलं नाय ना, तर हिच्यासारखी कोण नाय.’’ आत त्यांनी स्प्रिंग बदलून पाहिली, कडा गुळगुळीत केल्या, आणि हळूहळू ती खरोखरच शहाण्यासारखी चालू लागली. या सगळ्या कौतुकावर सुलूवहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, एकच म्हणणं असे: ‘‘एवढी बडदास्त माझ्या माहेरच्या माणसांची ठेवली असती तर ती दर वर्षी आली असती.’’ पण दसऱ्याला तिला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या त्या वहिनीच. शेजारी समई आणि त्यांचं स्वतःचं शिलाई मशीन. त्या घरात दसऱ्याची दोन शस्त्रं होती आणि दोघांना नमस्कार करूनच मी जेवायला बसत असे.

आता ते सांगते, जे टाळत आले.

उपनगरातली एक शाळा स्वतःची रेंज काढणार होती आणि मुलांना शिकवायला, बंदुका राखायला त्यांना कायमचा माणूस हवा होता. दत्ताभाऊंचं नाव पुढे आलं. पण संस्थेच्या लोकांना कागदावर काहीतरी लागतं. डिसेंबरात उत्तरेकडे एका थंड गावात निमंत्रितांची स्पर्धा होती, त्यात घड्याळ लावून दहा गोळ्या झाडायचा एक प्रकार होता, अगदी त्यांच्या रायफलीसाठी केल्यासारखा. पहिल्या तिघांत या, जागा तुमची, असं त्यांना सांगितलं गेलं. तिकडे कारखान्यात टाळेबंदीच्या गोष्टी रोज ऐकू येत होत्या. म्हणजे पुढचं सगळं आयुष्य त्या दहा गोळ्यांवर होतं आणि हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. निघायच्या आदल्या दुपारी त्यांना डबल शिफ्ट लागली. त्यांनी निरोप ठेवला, बाईंना म्हणावं घरी येऊन तेवढी साफ करून ठेवा. त्यांच्या रायफलीला हात लावायची परवानगी जगात मला एकटीला होती. मी गेले. वहिनींनी कपाटातून ती काढून माझ्यासमोर ठेवली आणि त्या बाजारात गेल्या. मी खोलली, पुसली, नळीतून चिंधी फिरवली. मशीनच्या तेलाची डबी उघडली तर कोरडी. दुकान दोन मिनिटांवर होतं. पण माझ्या अंगात दोन मिनिटं कधी नव्हतीच. फडताळात वहिनींच्या माहेरच्या घाण्यावरचं खोबरेल तेल होतं. दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. मी ते बोल्टला लावलं, सढळ हाताने लावलं, रायफल जोडून ठेवली आणि वहिनी यायच्या आत निघालेसुद्धा.

मी विज्ञान शिकवते. खोबरेल तेल थंडीत साकळतं हे मी दर वर्षी मुलांना सांगते, मुंबईतही डिसेंबरच्या पहाटे बाटली उन्हात ठेवावी लागते. पण तेव्हा ते डोक्यातच आलं नाही.

त्या गावी सकाळी श्वासाची वाफ दिसत होती. मी बायकांच्या गटात होते, माझं झालं होतं, मी मागे दोरीपाशी उभी होते. दत्ताभाऊंच्या पहिल्या दोन गोळ्या मधोमध. तिसऱ्याला रिकामं काडतूस दारात अडकलं. त्यांनी हाताने काढलं, पुन्हा चौथ्याला तेच. बोल्ट मागे गेला तो परत येताना जड पावलांनी येत होता, मला लांबूनसुद्धा दिसलं. घड्याळ थांबलं तेव्हा त्यांच्या सहा गोळ्या मॅगझीनमध्येच होत्या. ते उठले, बाजूला गेले, त्यांनी रायफल उघडली. आत सगळीकडे पांढरी साय. त्यांनी बोट लावून वास घेतला. मालवणच्या माणसाला त्या वासाची ओळख काय करून द्यायची. मग म्हणाले, ‘‘सुलूनं लावलं. दसऱ्याला समईच्या तेलाचे हात लावले असतील. तुम्ही पुसलीत बाई, पण आत राहिलं असणार.’’

माझ्यावर त्यांना संशयसुद्धा आला नाही. एनसीसीची बाई, विज्ञानाची बाई, ती असं कसं करील! ते माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, ‘‘असेल.’’

तोच माझा शब्द.

शाळेची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याला टाळं लागलं. दत्ताभाऊ भांडुपच्या एका गॅरेजात लागले, तिथे दिवसभर उभ्याचं काम, आणि तिथेच ते गेले. रायफल त्यांनी विकली नाही. रेंजवर येत राहिले, नव्या मुलींना शिकवत राहिले, आणि माझ्याशी पूर्वीइतकेच चांगले वागत राहिले. ते मला सोसायचं नाही, म्हणून मी त्यांच्याशी उगाच भांडायची. किती वेळा ठरवलं, आज सांगायचं. एकदा बसस्टॉपवर ‘‘दत्ताभाऊ, एक बोलायचंय,’’ इथपर्यंत आले, तेवढ्यात बस आली आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी उभ्या उभ्या विक्रोळीपर्यंत काहीबाही बडबडत गेले. घरी मात्र त्यांनी वहिनींना सांगितलं होतं, यापुढे रायफलीला हात लावायचा नाही. ओरडले नव्हते. फक्त कपाटाला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला. त्यानंतर पाच दसरे आले. पाटावर एकटं शिलाई मशीन असायचं. वहिनी त्याला माळ घालायच्या आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसायच्या, जणू अपराध त्यांचाच आणि तो मलाही माहीत आहे. मी नमस्कार करून जेवायला बसायची. पानात वाढलेलं सगळं जेवायची.

परवाना ज्याचा तो गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलिसांत किंवा परवानेदार बंदूकवाल्याच्या दुकानात जमा करावं लागतं. वहिनींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी मलाच बोलावलं. गेल्या रविवारी गेले. कागद आणले होते, ते टेबलावर ठेवले, आणि उभ्यानेच, चप्पलही न काढता, सगळं सांगून टाकलं. डबी कोरडी होती इथपासून ‘असेल’पर्यंत. वहिनी मशीनपाशी बसल्या होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. मी शिव्यांची वाट बघत होते, रडण्याचीही. वहिनी एरवी माझ्याशी मुंबईचं मराठी बोलतात, पण त्या वेळी गावचं बोलल्या.

‘‘तेंका सांगूक व्हया होतां, बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माका आता कित्याक सांगतास?’’

ज्यांना सांगायला हवं होतं ते तर गेले, आता वहिनींना कशाला सांगायचं. मी म्हटलं, ‘‘वहिनी, रायफल काढायला हवी, आज रविवार, दुकान एक वाजता बंद होतं.’’ लाज वाटते, पण हेच म्हटलं. त्या उठल्या. आता देवापुढे ठेवलेली ती किल्ली घेतली आणि कपाटाकडे न जाता मोरीत गेल्या. साबण घेतला. कोपरापर्यंत हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. कोरड्या पंच्याने एकेक बोट पुसलं आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कशालाही लागू न देता, त्या कपाटापाशी आल्या.

‘‘वहिनी, आता कशाला...’’ मी म्हटलं.

‘‘त्यांचं काहीही काढताना हात धुते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शर्टसुद्धा. पाच वर्षं.’’