बापाने मोजलेल्या भाकरी

सत्काराला उत्तर देताना मी एक गोष्ट हमखास सांगत आलो. मॅट्रिकची परीक्षा दिल्यावर मी पुढे शिकू नये म्हणून वडील माझ्या भाकरी मोजायला लागले, अशी ती गोष्ट. ती ऐकून बायका डोळ्यांना पदर लावत. भाकरी मोजल्या हे खरं आहे. बाकी सगळं खोटं, आणि ते माझं आहे.

पहिल्यांदा मी ती नागपूरच्या वसतिगृहात सांगितली. तिथे प्रत्येकाजवळ एकेक जाच करणारा बाप होता. माझ्याजवळ नव्हता, म्हणून तयार केला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव वाशीमकडच्या जऊळका स्टेशनाजवळ, घरी कोरडवाहू शेती. परीक्षा झाली आणि याला कशाला घालावं यावर जो तो बोलायला लागला. मामा म्हणे डॉक्टर, मास्तर म्हणत वकील. मला विचाराल तर मला काहीच कळत नव्हतं. वडिलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकदा जेवताना म्हणाले, "बैल घेतो तवा मालकाच्या बोलण्यावर घेतो का आपण? गाडीले जुंपून पाह्यतो. यालेबी जुंपून पाहू."

"पोट्टं हाय माह्यं, गोऱ्हा नाही," माय म्हणाली.

"गोऱ्हा असता त एवढी काळजी नसती. शेपूट पिळलं की चालते तो."

मग मी सकाळच्या गाडीने वाशीमला जाऊ लागलो. आधी ओळखीच्या एका डॉक्टरकडे. एका शेतकऱ्याच्या पायातलं गळू फोडायचं होतं आणि मी भांडं धरून उभा होतो. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी बाकावर आडवा आहे आणि तो गळूवाला मला टोपीने वारा घालून राहिला आहे.

मग वकील. त्यांच्याकडे धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची दोन्ही माणसं तडजोडीला आली होती. दुसऱ्या बाजूच्या म्हाताऱ्याचं ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेलं, "काकाचंही बरोबरच आहे." वकिलांनी मला दुपारच्या गाडीने परत पाठवलं. निरोप असा होता : पोरगा चांगला आहे, विरुद्ध बाजूच्या वकिलाला द्या.

रोज संध्याकाळी माझं जेवण झालं की वडील चुलीपाशी जाऊन मायला हळूच विचारत, "किती खाल्ल्या?"

"एक. तीबी अर्धी टाकली."

"हं."

ओसरीवर मला हे ऐकू येई. वाटे, बिनकामाचा झालो म्हणून माझी भाकरी डोळ्यांवर आली. मग मी रागाने आणखीच कमी खाऊ लागलो.

तेवढ्यात गावाबाहेर तंबू पडले. तलावासाठी जमिनीची पाहणी चालली होती. वडिलांनी त्या लोकांना पिण्याच्या पाण्याची गाडी लावून दिली होती. त्या ओळखीवर त्यांनी मला ओव्हरसियरच्या हवाली केलं. माझं काम आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं. दुपारी साहेबांनी मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावू दिला. पट्टी धरलेला गडी तिच्यात उलटा, पाय वर, डोकं खाली दिसायचा, आणि तसाच गंभीर चेहऱ्याने उभा असायचा. आमचं शेत सपाट आहे असं मी जन्मापासून समजत होतो. त्या दिवशी कळलं, की धुऱ्यापासून विहिरीपर्यंत ते चांगलं पुरुषभर उतरतं. पाणी कुठे जाईल हे पाणी नसतानाच सांगता येतं, याचा मला इतका आनंद झाला की घरी येऊन राग धरायचाच विसरलो.

"किती?" वडिलांनी चुलीपाशी विचारलं.

"भाकरीचं अख्खं टोपलं खाली केलं त्यानं. तुमच्यासाठी पुन्हा थापून राह्यली मी."

"मंग झालं. हेच."

मी तसाच आत गेलो. "माह्या भाकरी काहून मोजून राह्यले बाबा तुमी?"

वडील माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, ओढताना सगळेच बैल जोर लावतात, मालक पाह्यते म्हणून. सुटल्यावर वैरण खाते का, ते पाह्यचं असते. जो खाते, त्याले काम मानवलं."

"म्हंजे तुमाले राग नव्हता?"

"राग होता ना. डॉक्टरच्या वक्ताले. गाडीभाडं गेलं फुकट."

निकाल लागल्यावर ते स्वतः मला घेऊन नागपूरला गेले आणि ओव्हरसियरच्या वर्गात नाव घालूनच परतले. म्हणजे खरं काय ते मला वसतिगृहात पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक होतं. तरी खोटी गोष्ट सांगितली, आणि पुढे पाटबंधारे खात्यात वर चढत गेलो तशी वाढवत नेली.

परवा गावच्या शाळेत बोलावलं होतं. तिथे सगळं खरं सांगितलं. पोरं गळूवाल्यापाशी पोट धरून हसली. मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "मंग येवढी वर्सं बुढ्याले कायले बदनाम केलं?"

"टाळ्यांसाठी," मी म्हणालो.

"हं," असं म्हणून तो बसला.

गावात सांगून झालं. पण ती गोष्ट मी अकोल्याला, अमरावतीला, यवतमाळला, बोलावलं तिथे सगळीकडे सांगितली आहे, आणि तिथे पुन्हा जाणं आता होणार नाही. ज्यांनी तेव्हा डोळे पुसले, त्यांच्यासाठी हे लिहिलं. माझ्या बापाने मला अडवलं नव्हतं. मला काय मानवतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.