निळ्या पट्ट्याचं जेवण

झुल्या-घसरगुंड्यांच्या त्या पार्कात तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे तडतडताई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. बाकी तक्रारी मात्र भरपूर होत्या. हात पुसायच्या फडक्याला वास येतो, ही एक. सूपचा डाव कोणीतरी भातात घातला, ही दुसरी. आणि काउंटरवर उभं राहताना चेहरा हसरा ठेवा असं भिंतीवर लिहून ठेवलंय, ही तर रोजची. "हसायला काय झालंय? मी जेवण वाढायला आलेय, सर्कशीत नाही," असं ती म्हणायची आणि ताट असं ठेवायची की समोरचा माणूस निमूटपणे उचलून चालू पडायचा. पण तिच्या हातचं ताट कधी थंड नसायचं आणि कधी कमी भरलेलंही नसायचं.

पार्कात येण्याआधी सव्वीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होती. सोळाव्या वर्षी बटाटे सोलायला लागली आणि शेवटी पथ्याच्या ताटांची मुख्य झाली. तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने तिला घडवलं. ताट वर गेलं की काम संपलं असं समजू नकोस, परत आलेलं ताट बघ, असं तो तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. मग ती बघायला लागली. सात नंबरच्या बाईने भात तसाच ठेवलाय, म्हणजे तिला गिळताना दुखत असणार. बारा नंबरवाल्याने गोड तेवढं संपवलंय, म्हणजे कोणीतरी त्याच्या साखरेकडे लक्ष द्यायला हवं. दोनदा तर डॉक्टर स्वतः जिना उतरून तिला विचारायला आले होते. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली यायचा. एरवी तो वरच असायचा.

मग रुग्णालयाने स्वयंपाकघर बंद केलं. बाहेरच्या कंपनीकडून बंद डब्यांतून जेवण येऊ लागलं, सगळ्यांना एकसारखं. म्हातारा आचारी तोवर वारला होता. "बरं झालं, आधीच गेला. नाहीतर त्या दिवशी गेला असता," ती म्हणायची. राग तिचा मूळचाच, पण त्या दिवसापासून तो मुक्कामाला आला.

नवरा बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा. शांत माणूस. ती घरात शिरली की तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून एवढंच विचारायचा, "आज कोण?" आणि चप्पल काढता काढता ती सुरू व्हायची.

पार्कातलं तिचं काउंटर चार नंबरचं, पाण्याच्या मोठ्या घसरगुंडीच्या पायथ्याशी. दिवसभर वरून किंकाळ्या आणि समोर ओल्या माणसांची रांग. त्यातल्या बहुतेकांच्या मनगटावर निळा पट्टा असायचा. सकाळी दारातच दिवसभराच्या जेवणाचे पैसे भरायचे, पट्टा बांधून घ्यायचा, की मग हवं तेव्हा जेवा. 'पाकीट विसरा, मजा करा' असं दारावर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की दोन जेवणांमध्ये तीन तासांचं अंतर पाहिजे, एका पट्ट्यावर एकानेच खायचं, आणि पट्टा फक्त पाच ठरलेल्या प्रकारच्या ताटांवर चालेल. फळं, सूप आणि बाटलीतलं पाणी वेगळं. घरचा डबा तर दारावरच काढून घ्यायचे. काउंटरवर यंत्र होतं. पट्टा त्याच्यासमोर धरला आणि तीन तास झालेले असले की हिरवा दिवा. नसले की लाल, आणि खाली किती मिनिटं उरली त्याचा आकडा.

शेजारणीने एकदा तिला विचारलं, "आम्ही रविवारी येतोय. पट्टा घ्यावा का गं?"

"सकाळी दार उघडायला हजर राहणार आहेस?"

"छे, अकरा तरी वाजतील."

"नवरा किती खातो?"

"झुल्यावर बसला की त्याला मळमळतं."

"मग कशाला पैसे पाण्यात घालतेस? सुटी ताटं घे. दोन ताटं सुटी घेतली तर पट्ट्यापेक्षा स्वस्त पडतात. तिसरं खाल्लं तरच तो पट्टा फिटतो. आणि तिसऱ्या ताटापर्यंत पोचतो कोण? मागे पैलवानांचं एक टोळकं आलं होतं, त्यांनी चार-चार ताटं हाणली. त्यांना म्हण घ्या. तुला नाही."

इतकं सरळ उत्तर पार्कात द्यायला मनाई होती. कोणी विचारलं तर 'पूर्ण वसूल होतो' असं म्हणायचं, हे शिकवलेलं होतं. ती तसं कधी म्हणाली नाही. कोणी विचारलं की ती फक्त मुंगीएवढ्या अक्षरांकडे बोट दाखवायची.

त्या दिवशी दुपारचे पावणेदोन झाले होते. ओल्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळलेली एक बाई रांग तोडून पुढे आली. एका हाताने तिने आपल्या वडिलांना धरलं होतं. आजोबा सत्तरीच्या पुढचे, कृश, चष्म्यावर पाण्याचे थेंब. बाईने त्यांचं मनगट यंत्रासमोर धरलं. लाल. पंचाहत्तर मिनिटं.

"अहो, काहीतरी द्या ना यांना," बाई म्हणाली. "यांना साखरेचा त्रास आहे. बाराला ताट घेतलं, पण सगळं तळलेलं आणि कडक, यांना चावलंच नाही. इन्सुलिनची सुई मात्र आधीच घेतली होती."

"पैसे आहेत? सुटं ताट देते."

"पाकीट, फोन, सगळं वर लॉकरमध्ये आहे. घसरगुंडीवर नेऊ देत नाहीत. दारावर म्हणाले, पट्टा आहे ना, पैशांची गरजच नाही."

ताईने आजोबांकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, बोटं मुलीच्या टॉवेलच्या काठाशी थरथरत होती. नजर तिच्यावर होती, पण ती दिसत नसावी. असे चेहरे तिने रुग्णालयात पाहिले होते. त्यांना पंचाहत्तर मिनिटं नसतात.

चहाजवळची साखरेची पाच-सहा पाकिटं तिने एकदम फाडली, पेल्यात पाणी घालून ढवळली आणि काउंटरच्या बाहेर येऊन पेला आजोबांच्या ओठांना लावला. "प्या. एक एक घोट. बोलू नका, प्या."

मागून एकजण ओरडला, "ओ, आमचा नंबर आहे!"

"असू दे तुमचा नंबर," ती मान न वळवता म्हणाली. "रांगेत उभं राहून कोणी मेलेलं नाही. हा माणूस मरेल."

आजोबांना तिने खुर्चीवर बसवलं. पाच-दहा मिनिटांनी त्यांची नजर स्थिर झाली. मग तिने मऊ भात आणि दोन उकडलेली अंडी आणून समोर ठेवली. यंत्रात काही नोंदलं नाही, नोंदणार तरी कसं, लाल दिव्यावर ते काही घेतच नव्हतं. आजोबांनी हळूहळू सगळं संपवलं. तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "माफ करा हं, तुमच्या रांगेचा खोळंबा झाला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. सकाळी पैसे मोजून घेतलेत या माणसाकडून, आणि माफी तो मागतोय!

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पांढरा शर्ट, मऊ आवाज. त्या मऊ आवाजाचा तिला जास्त राग यायचा, कारण त्याच्याशी भांडता येत नसे.

"ताई, बसा. माणूस म्हणून तुम्ही चांगलंच केलंत. पण काउंटरवर असताना..."

"काउंटरवर मी कोण असते?"

"तसं नाही हो. नियम मी केलेला नाही. आज तुम्ही एकाला दिलंत, उद्या दहाजण येऊन चक्कर आली म्हणतील. कोणाकोणाला बघायचं?"

"सगळ्यांना बघायचं. मी सव्वीस वर्षं बघत होते. खरी चक्कर कळते."

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'नियमबाह्य अन्नवाटप केल्याचे मला मान्य आहे.' तिने तो दोनदा वाचला. मग साहेबांचंच पेन घेऊन खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'भुकेल्या माणसाला जेवण दिलं. पैसे त्याने आधीच भरले होते.' आणि सही ठोकली. साहेबांनी कागद पाहिला, सुस्कारा टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला मागे ताटं धुवायला पाठवलं.

मागची खोली लांबट, वाफेने भरलेली. भिंतीतल्या झरोक्यातून पाचही काउंटरांची ताटं आत यायची. धुवायचं काम तिला नवं नव्हतं. पण पहिल्याच संध्याकाळी तिचा हात थांबला. पार्क बंद व्हायच्या आधीच्या तासात ताटांचा लोंढाच आला, आणि ताटं भरलेली. पावाला दात लागलेला नाही. कोंबडीचा तुकडा जसाच्या तसा. नूडल्सवर काटा तेवढा खोचलेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सोबतची बाई म्हणाली, "रोजचंच आहे. दिवसभरात दोनच ताटं झालेली असतात ना, मग जाता जाता तिसरं उचलतात. भूक कुठे असते? पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून घेतात आणि ठेवून जातात." असं म्हणून तिने एक अख्खं ताट कचऱ्याच्या पिंपात उलटं केलं.

ताईने तिचा हात धरला. "थांब. आज काही टाकायचं नाही."

न शिवलेलं प्रत्येक ताट तिने बाजूला काढलं. टेबल भरलं, खिडकीची कड भरली, मग ताटं जमिनीवर ओळीने मांडली. मग ती ओल्या एप्रनसह तशीच साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "चला."

"काय झालं?"

"चला म्हणते ना."

साहेब आले आणि दारातच थांबले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे आजचं," ती म्हणाली. "फक्त शेवटच्या तासाचं."

"ताई, मला कल्पना आहे. पण लोकांनी त्याचे पैसे भरलेत. खायचं की टाकायचं, तो त्यांचा प्रश्न."

"आणि आजोबांनी काय खडे भरले होते?"

साहेबांनी ताटांवरून नजर काढून दाराबाहेर पाहिलं.

"बोला ना. पोट भरलेल्याला तुमचं यंत्र हिरवा दिवा दाखवतं आणि ज्याचा जीव जातोय त्याला लाल. आणि त्या यंत्राची बाजू घेऊन तुम्ही माझ्याकडून कागदावर सही मागता! लाज वाटते का कोणाला इथे? रुग्णालयात दोन घास उरले तर आम्ही विचार करायचो, या माणसाला काय होतंय. इथे पिंपंच्या पिंपं भरतात आणि विचारायचं कोणी नाही."

आवाज इतका चढला होता की झरोक्यातून पलीकडची माणसं वाकून बघत होती. साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी वर कळवतो," एवढं म्हणून ते निघून गेले. ताटं शेवटी पिंपातच गेली, तिनेच टाकली. टाकताना ती रडली, पण ते वाफेत कोणाला कळलं नाही. त्या दिवशी नवऱ्याने "आज कोण?" विचारलं तर ती म्हणाली, "सगळेच," आणि न जेवता झोपली.

दोन आठवड्यांनी आजोबांच्या मुलीचं पत्र आलं. तिने पार्काची बिनपाण्याने केली होती आणि शेवटी लिहिलं होतं की चार नंबरच्या काउंटरवरच्या ताई नसत्या तर आपल्याला वडिलांना जिवंत घरी नेता आलं नसतं. पत्र कुठल्या कुठे वरपर्यंत गेलं. आणि एका सकाळी साहेब हसत हसत मागच्या खोलीत आले. बरोबर कॅमेरावाला.

"ताई, वरच्यांना तुमचं फार कौतुक वाटलंय. तुमचा फोटो दारावर लावायचा म्हणताहेत. 'आम्ही काळजी घेतो' असं खाली लिहून."

ती साबणाचे हात घेऊन तशीच उभी राहिली. "कोण काळजी घेतो?"

"म्हणजे, आपण सगळे. पार्क."

"पार्काने मला शिक्षा केली. ती अजून चालू आहे, हे बघा," म्हणून तिने सुरकुतलेले ओले तळवे त्यांच्या नाकासमोर धरले. "माझं तोंड लावून तुम्ही पट्टे विकणार? कॅमेरा आत आणलात तर याच पाण्यात बुडवीन."

कॅमेरावाला दोन पावलं मागे सरला. साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं आणि पिंपाशेजारच्या उलट्या खोक्यावर बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "मग तुम्हाला हवंय तरी काय, सांगा एकदाचं!"

तिने बोटं न मोडता सांगितलं. प्रत्येक काउंटरवर साखर, फळांचा रस आणि बिस्किटं यांचा डबा ठेवायचा. ज्याला चक्कर येईल त्याला पट्टा न बघता द्यायचं. तीन तासांची अट दारावर मोठ्या अक्षरांत लिहायची. नाहीतर सरळ ती अटच काढून टाकायची.

डबे आले, महिन्याभराने. अट गेली नाही आणि तिची अक्षरं मुंगीएवढीच राहिली. फोटो लागला नाही. तिला पुन्हा काउंटरवर घेतलं नाही, आणि तिनेही परत मागितलं नाही. तिथे उभं राहून लाल दिवा बघणं आपल्याच्याने होणार नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, "मग सोड नोकरी." "मी सोडली तर डबे कोण बघेल?" ती त्याच्यावरच खेकसली.

कारण डबे बघायचं काम तिला कोणी दिलेलं नव्हतं, तिने ते घेतलं होतं. रोज सकाळी दार उघडायच्या आधी ती पाचही काउंटरांवर जाऊन झाकण उघडायची. एकदा दोन नंबरच्या डब्यात रस नव्हता. तिथला दाढीवाला वाढपी, चांगला चाळिशीचा, सहज म्हणाला, "उकडत होतं हो ताई, मी प्यायलो. चक्कर येणारा काय रोज येतो?"

त्या सकाळी पार्काच्या दाराबाहेर तिकिटं हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांना, अजून एकही झुला सुरू झालेला नसताना, आतून पहिली किंकाळी ऐकू आली ती दाढीवाल्याची. तिने त्याला कानाला धरून गोदामापर्यंत नेला, रसाचं खोकं त्याच्याच डोक्यावर दिलं आणि तसाच परत आणला.