मिस डेल्फीच्या सीडरवरच्या गाठी

एप्रिल लागला की हार्लन किबलरच्या बुडाखाली खुर्ची टिकत नसे. शेनंडोआच्या खोऱ्यातली त्याची सफरचंदांची बाग गुलाबी कळ्यांनी लगडलेली, आणि तो दर तासाला आभाळाकडे बघतोय. पाऊस आला की टेकडीवरच्या सीडरच्या झाडांवरल्या गाठी फुगणार, त्यांना नारिंगी, लिबलिबीत शिंगं फुटणार, आणि त्यातली बुरशी वाऱ्यावर बसून थेट बागेत. गेल्या साली त्याच बुरशीच्या तांबेऱ्यानं जुलैतच पानं गाळली. सगळं फळ मातीमोलानं व्हिनेगरवाल्याकडे गेलं. पुन्हा तसंच झालं तर बाग राहणार नव्हती.

आसपासचे सीडर केव्हाच तोडून झाले होते. उरला होता एकच, टेकडीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मिस डेल्फी रुडच्या माणसांच्या कबरींवरचा. तो सरकारनं पाडावा म्हणून अर्जावर दहा जमीनवाल्यांच्या सह्या लागत. नऊ झाल्या होत्या. दहावी हार्लनची. तीन दिवस अर्ज उशाशी घेऊन तो तळमळला, आणि चौथ्या दिवशी शिडी खांद्यावर टाकून टेकडी चढला.

"कुऱ्हाड कुठाय रे?" म्हातारीनं दारातूनच विचारलं.

"कुऱ्हाड नाही, मिस डेल्फी. गाठी खुडतो. एकूण एक."

"शेकड्यानं आहेत."

"असू देत. घरी बसून तरी आभाळच बघायचं."

"तुझा बापही असलाच. जेवायचासुद्धा उभ्यानं."

दोन दिवस तो फांद्याफांद्यांतून सरपटला. बोटं सोलवटली. बादली भरली की म्हातारी ती चुलीत रिकामी करी आणि पुन्हा खाली काठी रोखून उभी.

"डावीकडं! डावा हात कुठला ते तरी ठाऊक आहे का?"

"तुम्हीच या ना मग वर!"

"गुडघे असते तर तुला कशाला चढू दिलं असतं, मेल्या?"

शनिवारी पहाटे पाऊस आला. हार्लन अनवाणीच टेकडीवर धावला. झाड हिरवंगार, स्वच्छ होतं. पण पार शेंड्याला, जिथं त्याचं वजन फांदीला पेललं नसतं, तिथं सात-आठ नारिंगी झुबके लोंबत होते. मिस डेल्फी डोक्यावरून शाल घेऊन तेच बघत उभी होती.

"शेंडा काप," ती म्हणाली.

"झाड बोडकं दिसेल."

"खाली निजलेत ते काही बघायला उठत नाहीत. काप, माझं मन फिरायच्या आत."

लांब दांड्याला करवत बांधून त्यानं शेंडा उतरवला आणि पोत्यात कोंबून तिच्याच चुलीत घातला. पण तोवर तासभर पाऊस झाला होता, वाराही बागेकडचाच.

रविवारी चर्चच्या पायरीवर शेजाऱ्यानं अडवलं, "सही कधी करतोस?"

"पानं काय म्हणतात ते बघतो, मग सांगतो."

रोज उजाडताच तो पानं निरखू लागला. पंधराव्या दिवशी टेकडीकडच्या ओळीत पिवळे ठिपके दिसले. सतरा पानं. गेल्या साली इतकी होती की मोजायची सोयच नव्हती. त्या दुपारी त्यानं अर्ज सहीविनाच शेजाऱ्याला परत केला, आणि बागेत येऊन दुसऱ्या ओळीतलं पहिलं पान हातात घेतलं.