बेचाळीस माझाच कशावरून?

ये, अशी जवळ बस. सासऱ्यांना हसतेस, शोभतं का तुला? हसायचा हक्क माझा, कारण छळ मी सोसलाय. अख्ख्या चेन्नईत माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस सापडायचा नाही. देवळाबाहेर चपला ज्या बाईकडे दिल्या, बिल्ला तिच्याच हातून घेणार. शेजारणीने पुढे केलेला चालत नाही. टी. नगरला ब्लाउज टाकायला मी त्यांना एकदा, एकदाच, सोबत नेलं. शिंपी म्हणाला, पावती काउंटरवर मिळेल. हे हलेनात. "कापड ज्याने घेतलं, पावती त्यानेच द्यायची." शिंपी तमिळमध्ये काय बोलला ते यांना कळलं नाही, हे बरंच झालं.

पण मोतीबिंदूच्या शिबिरात यांनी जे केलं, ते मी विसरणार नाही. तू ऑफिसात होतीस. नुंगंबाक्कमच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची ऑपरेशनची नावनोंदणी, दोन टेबलं, दोन लॅपटॉप आणि प्रोग्रॅम माझा, साठी उलटल्यावर व्हिडिओ बघून शिकलेला. नाव भरलं की दोन्ही टेबलांच्या एकाच यादीत आपोआप नंबर पडायचा. मग प्रोग्रॅम यादीला विचारायचा, सगळ्यात मोठा नंबर कुठला? तोच चिठ्ठीवर. घरी दहा वेळा बरोबर आला होता. व्याही चिठ्ठी घेऊन उभेच, मागे रांग ताटकळलेली.

"विहीणबाई, बेचाळीस माझाच कशावरून?"

"सगळ्यात मोठा तोच. म्हणजे शेवटचे तुम्ही."

"शेवटचा कोण ते विचारलंत. माझा कुठला ते विचारलंत का?"

मंडळाच्या सगळ्या बायकांसमोर. माझं डोकंच फिरलं. "व्याही, मोतीबिंदू तुमच्या डोळ्यात आहे, माझ्या प्रोग्रॅममध्ये नाही." हे तडक दुसऱ्या टेबलाशी गेले आणि तंजावरकडच्या एका पाट्टींची, म्हणजे आजीबाईंची, चिठ्ठी मागून आणली. बेचाळीस.

दोन्हीकडे एकदमच नाव भरलं गेलं होतं. यांना पडला एक्केचाळीस, पाट्टींना बेचाळीस. आणि माझ्या टेबलाने विचारलं तोवर मोठा नंबर पाट्टींचा. डोळा कुठला, ते डॉक्टर नंबरावरूनच बघणार. पाट्टींचा उजवा होता. यांचा डावा. वाचायला यांना उजवाच तेवढा उरलेला.

"नवी चिठ्ठी तुमच्याच हाताने द्या," एवढंच हे म्हणाले. मी एक्केचाळीसची चिठ्ठी दिली, आणि रागही यांचाच येत होता.

आता नाव भरतानाच प्रोग्रॅमला सांगते, या नोंदीला पडलेला नंबर तिथल्या तिथे माझ्या हातात दे. दहा टेबलं लावा, चुकायचा नाही. यंदाच्या शिबिरात शंभर चिठ्ठ्या दिल्या, सगळ्यांनी निमूट घेतल्या. कशावरून, म्हणून एकानेही विचारलं नाही. तुमचं शोळिंगनल्लूर काही फार लांब नाही गं. गुडघे दुखतात म्हणतील, तू ऐकू नकोस. या रविवारीच त्यांना घेऊन ये. म्हणावं, चपला दारात काढा, बिल्ला विहीणबाई स्वतः देतील.