चावीला बांधलेली देवी

गाडी बिघडली तर माणूस मेकॅनिककडे जातो. पण मेकॅनिक म्हणू लागला की गाडी ठणठणीत आहे, घरचे म्हणू लागले की तुमचंच वय झालं, आणि आपल्यालाही रात्री अंथरुणावर आपल्याच हातापायांचा संशय येऊ लागला, तर जायचं कुणाकडे? मागच्या उन्हाळ्यात माझी ही गत झाली होती. इतका थकलो होतो की देवीपुढे हात जोडतानाही मागायचं काय ते सुचत नसे. नुसता उभा राहायचो आणि परत यायचो.

मी डहाणूकडच्या मसोलीचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात स्वतःचा एक छोटा ट्रक घेतला, वापरलेला. डहाणूच्या वाड्यांतून चिकूचे क्रेट भरायचे, चारोटीहून हायवेला लागायचं, तलासरी, अच्छाड ओलांडून गुजरातच्या बाजारात माल उतरवायचा आणि दुपारी रिकामं परतायचं, एवढंच काम. घर यावरच चाललेलं. चिकू थांबत नाही, पिकला की पिकला, म्हणून गाडीनंही थांबायचं नसतं.

पण ही थांबू लागली. वळणावर किंवा गतिरोधकावर वेग कमी करून क्लच दाबला की कधी कधी इंजिन गप. ना आवाज, ना धूर. आणि इंजिन बंद पडलं की त्याच क्षणी स्टिअरिंग दगडासारखं जड, कारण ते हलकं करणारा पंप इंजिनावरच चालतो. दोन्ही हातांनी ओढलं तरी चाक जेमतेम वळायचं. बाजूला लागून चावी फिरवावी तर पहिल्या झटक्यात चालू, जणू काही घडलंच नाही. हायवेवर बंद पडायची नाही, एखादा हिसका तेवढा द्यायची. आज दोनदा, मग आठवडाभर नाव नाही. रोज बंद पडली असती तर परवडलं असतं, निदान भरवसा तरी राहिला असता.

तलासरीला धनसुखभाईचं गॅरेज आहे. माणूस मूळचा वापीकडचा, मराठी गुजराती हेल काढून बोलतो, पण कामाला चोख. त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, टाकी उतरवून गाळ काढला, पाइपातून हवा ओढली जाते का ते पाहिलं. स्टिअरिंगचं तेल बदललं, पट्टा बदलला, बॅटरीच्या तारा घासून घट्ट केल्या. प्रत्येक वेळी स्वतः चक्कर मारून यायचा आणि उतरताना मान हलवायचा.

"काका, गाडी तर मस्त चाले छे. खड्ड्यातून नेली, वळवली, ब्रेक मारला, कुठेच बंद नाय पडली. तुमचा पाय क्लचवर जास्ती वेळ तर नाय राहत ना?"

त्याची एक चांगली सवय होती. माझ्या चावीच्या कडीत देवीच्या वस्तू अडकवलेल्या. ग्रीसच्या काळ्या हातांनी देवाला शिवायचं नाही म्हणून तो मला सांगायचा, "काका, माताजी तुमच्याकडे ठेवा, मला नुसती चावी द्या." मी चावी कडीतून सोडवून द्यायचो आणि तो जुडगा शर्टाच्या खिशात, छातीशी धरून बाकावर बसायचो. त्याची चक्कर होईपर्यंत जप करायचो. गाडी बंद न पडता परत आली की बरंही वाटायचं आणि रडूही यायचं.

त्या जुडग्याबद्दल सांगायला हवं. गाडी घेतली त्या चैत्रात चारोटीजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून एक लहानशी पितळी घंटा आणली होती, तीच पहिली. मग गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्रिशूळ आला. पुन्हा पडली तेव्हा बायकोनं लाल कापडात बांधलेली सुपारी दिली. मग तांब्याच्या पादुका, मग देवीचा जाडजूड पितळी टाक, मग नवसाची म्हणून आणखी एक घंटा. कुणी सांगितलं की घोड्याच्या नालेचा तुकडा बांधा, तोही बांधला. भीती वाढत गेली तसा जुडगा वाढत गेला. चावी फिरवायला बोटं आत घालावी लागायची आणि वळणावर सगळं मिळून असं वाजायचं की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. भजनी मंडळ आलं, असं आमच्या आळीत म्हणायचे. मला त्या आवाजाचा धीर वाटायचा.

मग आशागडची गोष्ट घडली. बाजाराच्या वळणावर एक बाई पाटीत काकड्या घेऊन बसली होती. मी वळवायला लागलो आणि इंजिन गेलं. स्टिअरिंग वळेना, गाडी मात्र आपल्या वेगानं तिच्याकडे सरकत राहिली. ब्रेकवर उभाच राहिलो. चाक पाटीवर चढलं तेव्हा गाडी थांबली. बाई मागे सरकली होती, एवढंच नशीब. ती ओरडलीसुद्धा नाही. चेंगरलेल्या काकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जीव गेला असता ना, बाबा." मी खाली उतरून काकड्या गोळा करत बसलो.

त्या दिवशी बायको शेजारच्या सीटवर होती. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या पुढे ठेवून म्हणाली, "अहो, विकून टाका ती गाडी. मी आता त्यात पाय ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. उद्या कुणाचं लेकरू आलं पुढे, तर आपण तोंड कुठे लपवायचं?" तिचं खरं होतं. गिऱ्हाईक मसोलीतच मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गाडी घेऊन जाईन म्हणाला. गाडी बंद पडते हे मी त्याला सांगितलं होतं, पण तो हसला. "तुमच्याकडून पडते," असं त्याला म्हणायचं होतं, फक्त तोंडानं म्हणाला नाही. म्हणजे गाडी जाणार होती आणि माझी ड्रायव्हरकीही, कारण ज्याच्या पायावर विश्वास नाही त्याला दुसऱ्याची गाडी कोण देणार?

शब्द दिलेली शेवटची खेप टाकून परत येताना मी महालक्ष्मीला थांबलो. मागायला नाही, सांगायला. आई, उद्यापासून येणं व्हायचं नाही, जमलं तेवढं केलं, आता हात टेकले. इतकं म्हणून झाल्यावर आणखी काही शिल्लक उरलं नव्हतं. राग नव्हता, नुसता शीण होता. आणि सवय बघा, बाहेर पडताना दुकानासमोर थांबून मी आणखी एक घंटा घेतलीच आणि कडीत अडकवली. विकायच्या गाडीला!

रस्त्याला लागणार तोच एक म्हातारी हात करून उभी दिसली. गुडघ्यापर्यंत कासोटा, डोक्यावर पदर, हातात प्रसादाची पुडी. गंजाडच्या अलीकडच्या पाड्यावर जायचंय, बस गेली, म्हणाली. खरं तर मी आता कुणाला गाडीत घेत नव्हतो. तिलाही सांगितलं, "आजी, गाडी मध्येच बंद पडते. भरवसा नाही."

"पडूं दे," ती म्हणाली, "माझे पाय हायेत ना मंग." आणि पायरीवर पाय देऊन वर चढलीसुद्धा.

चारोटी आली. डहाणूच्या रस्त्याला वळलो तसा जुडगा वाजला. चावी माझ्या डाव्या हाताला, म्हणजे आम्हा दोघांच्या मध्ये. तिनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"आईला असं झोकं कशाला देतंस रे? तिला चक्कर येल ना!"

मी काही बोलायच्या आत तिनं सरकून ओंजळ पुढे केली आणि अख्खा जुडगा खालून तळहातावर घेतला, अगदी तान्ह्या पोराचं डोकं धरावं तसा. आणि तशीच बसली. तिचा हात अवघडेल म्हणून मी एकदा म्हटलं, "सोडा आजी, राहू द्या." ती म्हणाली, "तू गाडी चालव."

मी चालवत राहिलो. पहिला गतिरोधक आला, मी दात आवळले. गेला. वळण आलं, तेही गेलं. पुढचा खराब रस्ता, जिथे गाडीनं मला कितीदा दगा दिला होता, तोही गेला. इतके दिवस ज्या आवाजानं धीर यायचा तो आवाज नव्हता आणि गाडी मात्र सुतासारखी सरळ चालली होती. शेजारी ती म्हातारी डोळे मिटून, हात पुढे धरून बसलेली. मला एकदम भरून आलं. का ते तेव्हा कळलं नाही. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्या वाटणीचं ओझं धरलंय असं काहीसं वाटलं.

गंजाडच्या अलीकडे ती उतरली. जुडगा हळूच सोडला, प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आता तिला खाली बसव. दमली ती." पायवाटेनं गेली. मी गाडी पुढे घेतली, पहिल्याच गतिरोधकाला क्लच दाबला, घंटा खणखणल्या आणि इंजिन गप झालं.

रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, मी त्या लोंबत्या जुडग्याकडे बघत बसलो. आधी वाटलं, देवीच गाडीत बसली होती आणि उतरून गेली. मग तिचे शब्द आठवले, खाली बसव. मग धनसुखभाईचे आठवले, नुसती चावी द्या. मग आठवलं की त्याच्या हातात गाडी कधीच बंद पडली नाही. सगळं समोर होतं तरी हात पुढे होईना. या वस्तूंमुळे आपण आजवर तरलो असं मी मानत आलो होतो, आणि आता त्याच सोडवून पुढचा रस्ता कापायचा. बिनादेवीचा. वाटेत आशागड होतं. शेवटी म्हटलं, आई, तुझी म्हातारी सांगून गेली, आता तू आणि ती बघून घ्या. कडीतून चावी काढली. जुडगा म्हातारी बसली होती त्या सीटवर ठेवला आणि नुसती चावी फिरवली.

आशागडच्या बाजाराच्या वळणावर ती काकडीवाली आपल्या जागेवर बसलेली होती. मला पाहून तिनं पाटी मागे ओढली. मी क्लच दाबला, चाक वळवलं. चाक वळलं. इंजिन चालूच. वळण संपल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलो.

सकाळी गिऱ्हाइकाची माफी मागून थेट तलासरी गाठली. धनसुखभाईनं चावीची जागा खोलली. आतल्या पट्ट्या झिजून सैल झाल्या होत्या. त्यानं सांगितलं, एवढं वजन खाली लटकतं, धक्का बसला की चावी ओढली जाते, क्षणभर करंट तुटतो. करंट तुटला की डिझेल बंद, डिझेल बंद की इंजिन बंद, आणि मग स्टिअरिंग जड. हायवेवर गिअरमधली चाकंच इंजिन फिरवत ठेवतात, म्हणून तिथे नुसता हिसका. नवा स्विच बसवला, पंधरा मिनिटांचं काम. मग कपाळाला हात लावून तो म्हणाला, "काका, मीच दर वेळी माताजीला बाजूला ठेवत होतो. मला कसं दिसणार!" बायकोला सांगितलं तर ती आधी रडली, मग म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मीही त्यात सुपारी बांधली."

त्या म्हातारीला मी शोधलं. गंजाडच्या अलीकडचे दोन-तीन पाडे फिरलो. तशा म्हाताऱ्या सगळ्या पाड्यांवर होत्या, प्रत्येकीनं मला पाणी दिलं, पण ती नव्हती. ती कोण होती हे मी कुणाशी वाद घालून सांगत नाही. स्विच झिजला होता हे खरं आहे. ज्या दिवशी मी सगळं सोडून निघालो त्या दिवशीच कुणीतरी येऊन तो भार हातावर घेतला, हेही खरं आहे. दोन्ही मला मान्य आहेत.

जुडगा महालक्ष्मीला नेऊन तिच्या पायाशी ठेवला. पुजाऱ्यानं विचारलं, नवस फिटला का? मी म्हटलं, नाही, जिचं तिला परत आणलंय. इतके दिवस मी म्हणत होतो की सगळं देवीवर सोडलंय, आणि तिलाच चावीला बांधून मुठीत धरून बसलो होतो. भ्यालेला माणूस असंच करतो, मला त्याची लाज वाटत नाही. आता चावीला काही नाही. निघताना एकदा हात जोडतो आणि गाडी चालवतो.

गेल्या पंधरवड्यात बायको म्हणाली, मलाही महालक्ष्मीला यायचंय. आशागडनंतर पहिल्यांदाच ती गाडीत चढली. जाताना दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून बसली होती. दर्शन झालं, परत निघालो, चारोटीला वळलो. गंजाडपाशी मी तिला ती जागा दाखवायला मान वळवली, तर दांडी सोडून, खिडकीला डोकं टेकून ती झोपली होती. मी गाडी हळू घेतली. आशागडचं वळण आलं आणि गेलं, तिला जाग आली नाही.