साडेचारची एस.टी.

आज तास चालू असतानाच एका मुलीनं बॅगेची चेन ओढली आणि मला सुनंदा आठवली. वीस वर्षांपूर्वी सोलापूरच्या याच उकडणाऱ्या वर्गात मी एकोणिसाव्या शतकातली एक कथा शिकवत होते. लग्नात घुसमटलेल्या बाईची. मोहोळकडून येणारी, नवं लग्न झालेली सुनंदा मध्येच बॅगेची चेन ओढून उठली.

"म्याडम, साडेचारची यष्टी चुकली तर सासूबाई कॉलेज बंद करत्याल की."

"खाली बस! इथं बाईच्या स्वातंत्र्याचं चाललंय आणि तुला सासूची पडलीय?"

ती बसली. घंटा झाल्यावरही मी अर्धा तास बोलत राहिले. डोंबलाचं स्वातंत्र्य! कथेतली बाई मोकळी झाली. सुनंदा दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. पुढं कितीतरी वर्षं मी तिच्या सासूला नावं ठेवली. तिला खाली बसवलं होतं मात्र मीच.